१८ म्हणजे आयुष्य

प्रश्न : येथे न्यू जर्सीत एका ज्यू कुटुंबातील लग्नाला गेले असता आहेराच्या पाकिटांवर ३६, ५४, १८० असे आकडे दिसले. आपण ५१ किंवा १०१ देतो, तसाच हा शुभ आकड्यांचा प्रकार आहे का?

उत्तर : हे सर्व आकडे १८ च्या पटीतले आहेत आणि त्यांचे मूळ शकुनात नसून लिपीत आहे. हिब्रू वर्णमालेतील प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असते. हेत म्हणजे ८ आणि योद म्हणजे १०. ही अक्षरे जोडली की घशातून उच्चारायचा ‘हाय’ हा शब्द होतो, ज्याचा अर्थ ‘जिवंत’. म्हणून १८ च्या पटीत आहेर किंवा दान देणारा समोरच्याला आयुष्य चिंतीत असतो. आपल्या १०१ मधला वरचा रुपया देण्याघेण्याचा ओघ चालू राहावा म्हणून असतो. तेथे मात्र रक्कमच शब्द म्हणून वाचली जाते.

अक्षर आणि अंक असे एकरूप असल्यामुळे १५ लिहिताना विशेष काळजी घ्यावी लागते. १० आणि ५, म्हणजे योद आणि हे, जोडल्यास ईश्वरनामाचे लघुरूप तयार होते, आणि ते हिशेबात सहज लिहिले जाऊ नये म्हणून ९ आणि ६ ची अक्षरे, तेत आणि वाव, वापरतात. शेवात या हिब्रू महिन्याच्या १५ तारखेला येणाऱ्या वृक्षांच्या नववर्षदिनाला ‘तू बिश्वात’ म्हणतात; त्यातील ‘तू’ म्हणजे हीच दोन अक्षरे. आपल्या कोकणातील बेने इस्रायली हा ज्यू समाज हा दिवस एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा मानतो. अलिबागजवळच्या खंडाळे येथे त्याचे दर्शन घडले, अशी त्यांची श्रद्धा असून गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा त्याच्या नावाने करतात.

प्रार्थनेच्या शालीच्या चारही कोपऱ्यांना असलेल्या गोंड्यांचाही असाच हिशेब मांडला जातो. ‘त्सीत्सीत’ या त्यांच्या नावाची बेरीज ६००, प्रत्येक गोंड्याचे दोरे ८ आणि गाठी ५, मिळून तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातील ६१३ आज्ञा. तोरात मात्र हा शब्द एका योदने कमी लिहिलेला असल्याने बेरीज ५९० च भरते, असा आक्षेप १३ व्या शतकातील रब्बी (ज्यू धर्मगुरू) मोशे बेन नाहमान यांनी घेतला होता. मला तो योग्य वाटतो, कारण गोंड्याकडे पाहून आज्ञा आठवाव्यात एवढेच तोरात सांगितले आहे. बेरीज करा असे नाही.