झुरळं कुणाची: मालकाची की भाडेकरूची?

तुमची पोस्ट वाचली: भाड्याच्या घरात राहायला येऊन तीन महिने, सिंकखालून झुरळं निघतायत आणि मालक म्हणतात 'तुमच्याच अस्वच्छतेने झाली'. जुनं दुखणं आठवलं. पण तुम्ही शेवटी लिहिलंय की आज रात्री फवारा मारणार. कृपा करून मारू नका. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक तीच.

फवाऱ्याने समोरची मरतात, बाकीची भिंतीत आणि शेजारी पांगतात. पाहणीच्या दिवशी ओटा चकाचक, मग मालक विचारणारच, 'कुठायत?' पुरावा तुम्हीच पुसलेला असतो. शिवाय छोटी तपकिरी जात असेल तर मादी अंड्यांची कुपी अंगालाच घेऊन फिरते. एका कुपीत ३०-४० अंडी, आणि आतपर्यंत औषध पोचत नाही. फवारलेल्या जागी नंतर जेल (झुरळं खाऊन मरतात ते विषारी आमिष) लावलं तर झुरळं त्याला तोंड लावत नाहीत, ते वेगळंच.

त्याऐवजी चिकट सापळे आणा. एक सिंकखाली पाइपाच्या भोकाशी, एक फ्रिजच्या मागे, एक शेगडीजवळ, एक बाथरूममध्ये. प्रत्येकावर तारीख घाला, तीन रात्री ठेवा, रोज सकाळी फोटो काढा. भोकाजवळचाच भरला आणि बाकीचे जवळपास रिकामे राहिले, तर झुरळं बहुधा पाइपाच्या वाटेने येतायत. फोटो त्याच दिवशी मालकाला लेखी पाठवा. फोनवरचं बोलणं नंतर कुणालाच आठवत नाही.

जबाबदारीचं म्हणाल तर आधी करार वाचा. मी वकील नाही आणि नियम जागोजागी वेगळे असतात. माझ्या मते भोकं, ओल, वाळवी आणि आधीपासूनची लागण मालकाची. उघडा कचरा आणि न कळवलेली गळती आपली. ढेकणांवर मात्र भांडणच होतं, कारण ते कुणाच्या सामानातून आले हे सिद्ध करणं अवघड.

देखभालीचं ऑफिस 'तुमच्या एकाच घरात औषध मारतो' म्हणालं तर ऐकू नका. आमच्याकडच्या महाभागांनी एकच अर्ज तीनदा भरून घेतला आणि शेवटी तेच केलं. एकाच पाइपावरची वरची, खालची, शेजारची घरं एकदम झाली पाहिजेत. जेलचे मसुराएवढे ठिपके बिजागरीत आणि ड्रॉवरच्या कोपऱ्यांत लावायचे, पुसायचे नाहीत. कुपीतून निघालेल्या पिल्लांसाठी १५ दिवसांनी दुसरी फेरी, तीही आधीच लिहून घ्या. भोकं स्टील वूल (बारीक तारेचा गुंता) कोंबून सिलिकॉनने बुजवायची.

आणि रागाच्या भरात भाडं थांबवू नका. मालकाला घर रिकामं करून घ्यायला आयतं कारण मिळतं.