एकट्याने फिरताना अनोळखी लोकांशी ओळख कशी करावी आणि शहर कसं पाहावं?

तुम्ही लिहिलंय की स्वभाव बुजरा आहे, पहिल्यांदाच एकटे निघताय आणि कुणाशी चार शब्दही न बोलता परत येण्याची धास्ती वाटते. मला तुमच्या बुजरेपणाची फारशी काळजी वाटत नाही. बोलायला निमित्त असलं की बुजरी माणसंही बोलतात, म्हणून शोधायचं ते निमित्त.

निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या संशोधकांनी शिकागोच्या लोकल गाड्यांमध्ये एक प्रयोग केला होता, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना आपलं आपण गप्प बसायला. बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त छान झाला. गंमत म्हणजे लोकांचा आधीचा अंदाज नेमका उलटा होता. समोरच्याला बोलायचंच नसणार, असं जो तो धरून चालतो.

होस्टेलवर उतरणार असाल तर कॉमन रूमपेक्षा तिथल्या स्वयंपाकघरात जास्त रेंगाळा. सोफ्यावर सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. तेच लोक ओट्यापाशी आले की कुणाला झाकण सापडत नसतं, कुणाला शेगडी पेटवता येत नसते. ‘हे कसं सुरू होतं हो?’ एवढ्यावर ओळख होते. फक्त तिथे भेटतात ते तुमच्यासारखेच पाहुणे, शहर त्यांनाही तुमच्याइतकंच ठाऊक.

शहरातली माणसं हवी असतील तर ‘ग्रीटर’ शोधा. १९९२ मध्ये लिन ब्रूक्स यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘बिग ॲपल ग्रीटर’ सुरू केलं. तिथले रहिवासी हौसेने पाहुण्यांना आपला भाग पायी फिरवून दाखवतात, पैसे घेत नाहीत. आता जगातल्या बऱ्याच शहरांत असे ग्रीटर आहेत, मागणी मात्र आधी नोंदवावी लागते. मला एका शहरात निवृत्त ट्रामचालक भेटले. प्रसिद्ध चौक त्यांनी दोन मिनिटांत उरकला आणि थेट एका बोळात नेलं. तिथे डांबरातून हातभर रूळ वर डोकावत होता, बाकीचा बुजवलेला. बुटाच्या टोकाने तो दाखवत म्हणाले, ‘इथून मी वळायचो, आणि त्या बाल्कनीतल्या बाई रोज ओरडायच्या.’ पुढचा तासभर त्या बोळातली भांडणंच ऐकली. कुठल्या गाईडकडून हे कळलं असतं?

‘फ्री वॉकिंग टूर’ जरूर घ्या, तीही पहिल्याच दिवशी, म्हणजे दिशा डोक्यात बसतात. नावाला फुकट असली तरी गाईडची कमाई टिपवरच असते, तेव्हा हात आखडता घेऊ नका. पळायची किंवा चालायची आवड असेल तर ‘पार्करन’ बघा. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये सुरू झालेला हा ५ किलोमीटरचा मोफत उपक्रम आता अनेक देशांत, बहुतेक ठिकाणी शनिवारी सकाळी असतो. चालत पूर्ण केलं तरी कुणी काही म्हणत नाही, आणि संपल्यावर लोक घाम पुसत आरामात गप्पा मारत उभे असतात.

आता सावधगिरीचं. मी एकच गोष्ट बघते: बोलायला सुरुवात कुणी केली आणि पुढची जागा कोण ठरवतंय? वाट विचारायला तुम्ही ज्याच्याकडे गेलात, तो टपून बसलेला असण्याची शक्यता फार कमी. पण पर्यटकांच्या गर्दीत स्वतःहून येऊन लाघवी बोलणारा माणूस ‘चला, एक छान जागा दाखवतो’ म्हणाला की तिथेच हात जोडा. बीजिंग आणि शांघायमध्ये अशाच गोडीगुलाबीने चहाच्या समारंभाला नेऊन भरमसाट बिल हातात ठेवण्याची चाल जुनीच आहे. खरंच गप्पा मारायच्या असतील त्याला तुम्ही सुचवलेली जागाही चालते. ‘एकटेच आलात का?’ या प्रश्नाला ‘मित्र येतोय संध्याकाळी’ असं बिनदिक्कत खोटं सांगा, आणि उतरलात त्या जागेचं नाव कुणालाच सांगू नका.

आणि कुणाशी सूर जुळलाच, तर ‘भेटू परत कधीतरी’ म्हणून निरोप घेऊ नका. उद्या किती वाजता आणि कुठे, हे उभ्या उभ्या तिथेच ठरवा. जागा अर्थात चारचौघांतली.