टीव्हीची ‘फ्रँचायझी’: मक्ता, परवाना की इजारा?

ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर लेख लिहिणाऱ्या, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: तिथल्या थेम्स टेलिव्हिजन कंपनीच्या हातून लंडनची ‘फ्रँचायझी’ गेली, तर इथे मराठीत काय लिहावं? मोबाइलने त्यांना ‘मताधिकार’ सुचवला. कोशात तो अर्थ आहे खरा, पण मग थेम्सला निवडणुकीत मत देता येईना असं व्हायचं!

आधी व्यवहार काय होता ते पाहू. १९५४च्या कायद्याने आयटीए नावाचं सरकारी प्राधिकरण नेमलं. प्रक्षेपणाचे मनोरे त्याचे. कार्यक्रम करायचे आणि जाहिराती विकायच्या, हे काम मात्र प्रदेशवार खासगी कंपन्यांचं. लंडनमध्ये तर सुरुवातीला सोम ते शुक्र एक कंपनी आणि शनिवार-रविवार दुसरी. म्हणजे १९५५पासूनचा हा सगळा मामला कायद्याच्या भाषेत कंत्राटाचा; फ्रँचायझी हा बोलण्यातला शब्द. मुदत संपली की प्राधिकरण नव्याने निवड करी. १९६८मध्ये वेल्समधली टीडब्ल्यूडब्ल्यू अशीच गेली, तिच्या जागी हार्लेक आली.

१९९०च्या कायद्याने ‘परवाना’ आणला, सोबत बंद पाकिटातली बोलीही. १९९१च्या निकालात कार्लटन कंपनीने जास्त रकमेवर थेम्सला उठवलं. पण दक्षिण इंग्लंडात तिथल्या टीव्हीएस या टीव्ही कंपनीची सुमारे ६ कोटी पौंडांची बोली परवडणारी नाही म्हणून बाद झाली. आणि मिडलंड्समध्ये प्रतिस्पर्धीच नसल्याने सेंट्रल कंपनीला वर्षाला अवघ्या २,००० पौंडांत परवाना पडला! मालक रॉय थॉमसनने पूर्वी आपल्या स्कॉटिश टेलिव्हिजनला ‘पैसे छापण्याचा परवाना’ म्हटलं होतं ते उगीच नाही.

आता शब्द. ‘मक्ता’ खरं तर चपखल होता, पण ‘मक्तेदारी’ने त्याचा घात केलाय, वाचकाला एकाधिकारच आठवणार. ‘ठेका’ म्हटलं की खड्डे आणि डांबर. माझी पसंती ‘इजारा’ला. ठरलेला मुलूख, ठरलेली मुदत, सरकारात भरायची ठरलेली रक्कम, वरचं उत्पन्न इजारदाराचं. बडोद्याच्या माणसाला हे समजवायला नको. अहमदाबादेतल्या पेशव्यांच्या हिश्श्याचा इजारा गायकवाडांकडे होता. १८१४मध्ये मुदत संपली तेव्हा दुसऱ्या बाजीरावाने तो त्यांना पुन्हा न देता आपल्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्याला दिला. त्या आणि इतर हिशेबांच्या बोलणीसाठी गायकवाडांच्या वतीने पुण्याला गेलेल्या गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा १८१५मध्ये पंढरपुरात खून झाला. थेम्सवाल्यांचं निदान कामावरच निभावलं.

अडचण एकच. आपल्या कानावर दिवसभर गुजराती ‘इजारो’ असतो, आणि ‘सत्याचा इजारो कोणाकडे नाही’ अशा वाक्यात तोही मक्तेदारीकडेच झुकतो. तरी मराठी लेखात ही ओढ जाणवणार नाही असं वाटतं.

तेव्हा १९९२पर्यंतच्या भागात ‘प्रादेशिक कंत्राट’ लिहा. बोली न लागताच निवड होई, त्यामुळे तिथे इजारा ताणल्यासारखा वाटेल. १९९३पासून नवे परवाने लागू झाले, तिथे कायद्याचा संदर्भ असेल तर ‘परवाना’, आणि कथन असेल तर बेलाशक ‘इजारा’: ‘लंडनचा इजारा थेम्सऐवजी कार्लटनला मिळाला.’ कंपनीला ‘इजारदार’. आयपीएलच्या संघांना मात्र फ्रँचायझीच राहू द्या, तिथे मुदत संपली म्हणून संघ लिलावात निघत नाही.