‘ना हरकत’ गिरणीला दिली होती, कांडपाला नाही

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर पिठाची गिरणी आहे. नऊ वर्षांपूर्वी गिरणीवाल्याने ना हरकत पत्रावर सही मागितली, यांनी न वाचता दिली. दोन वर्षांपूर्वी त्याने तिथेच मिरची कांडप यंत्र बसवलं. आता चटणीच्या हंगामात रात्री साडेनऊपर्यंत ठोके चालतात, मांडणीवरची भांडी थरथरतात, आजारी सासूबाईंना झोप नाही. बोलायला गेलं की एकच उत्तर: “तुमचीच सही आहे.” दर उन्हाळ्यात अशी पत्रं येतात. कुणाकडे ग्रील बनवणारं वर्कशॉप असतं, कुणाकडे सुतारकामाचा कटर, आणि बहुतेकांनी कधीतरी अशीच सही दिलेली असते.

ताई, त्रास होतो हे सिद्ध करायला तुम्ही दोन पानं खर्च केलीत. त्याऐवजी सोबत जोडलेली ना हरकत पत्राची झेरॉक्स एकदा नीट वाचायला हवी होती. तिच्या चौथ्या ओळीत लिहिलंय, “३ एचपी मोटारीवर चालणारी पिठाची गिरणी”. तुमचं सगळं प्रकरण या ओळीवर उभं आहे. संमती दिली ती एवढ्यालाच. मिरची कांडपाचा त्यात उल्लेख नाही, जास्त एचपीच्या मोटारीचाही नाही. त्या सहीने तुमचे हात बांधले गेलेले नाहीत.

हात बांधले जातील ते नंतरच्या गप्प बसण्याने. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ४१(जी) प्रमाणे, चालू असलेल्या ज्या उल्लंघनाला वादीची मूक संमती आहे ते थांबवायला मनाई हुकूम मिळत नाही. गिरणीवाल्याचा वकील पहिल्याच तारखेला विचारेल, यंत्र दोन वर्षं चालू होतं, तेव्हा बाई कुठे होत्या? तुम्ही “अनेकदा तोंडी सांगितलं” म्हणता. तोंडी सांगितलेलं कोर्टात सिद्ध करणं कठीण जातं. दोन वर्षांत एक कागद केला नाहीत याचा मला खरंच राग येतो, कारण वीस मिनिटांचं काम होतं. मुदतीची काळजी मात्र नको: उपद्रव रोज चालू असेल तर मुदत कायद्याच्या कलम २२ प्रमाणे दावा करायची मुदत रोज नव्याने सुरू होते.

म्हणून या आठवड्यात लेखी हरकत घ्या. गिरणीवाल्याला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, त्याची प्रत महापालिकेच्या परवाना विभागात आणि पोलीस ठाण्यात द्या आणि दोन्हीकडे पोहोच घ्या. पत्रात एवढंच लिहा की संमती फक्त त्या गिरणीपुरती होती, कांडप यंत्राला कधीच नव्हती. त्याच दिवशी माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा: परवान्यात कांडप आहे का, किती एचपीला मंजुरी आहे, आणि तुमच्या मूळ पत्राची प्रमाणित प्रत. परवान्यात कांडप नसेल तर अर्धी लढाई महापालिकेच्या टेबलावरच लढता येईल.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० वर फार भिस्त ठेवू नका. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पण तुमची साडेनऊची वेळ नियमाच्या लेखी दिवसच आहे, कारण रात्र दहाला सुरू होते. दिवसाच्या तक्रारीसाठी आवाज मर्यादेच्या निदान १० डेसिबल वर जावा लागतो. तुमचा रस्ता व्यापारी पट्ट्यात दाखवला असेल तर मूळ मर्यादाच ६५ होते. शिवाय डेसिबल मोजायचं यंत्र आवाज मोजतं, भिंतीतून येणारा हादरा मोजत नाही, आणि तुमची भांडी वाजतात ती हादऱ्याने. तो मुद्दा दिवाणी दाव्यात उपद्रव म्हणून मांडता येतो. “हा रस्ता आधीच गजबजलेला आहे” हा बचावही नेहमी चालत नाही. राधेश्याम विरुद्ध गुर प्रसाद शर्मा (ए.आय.आर. १९७८ अलाहाबाद ८६) हे प्रकरण पिठाच्या गिरणीचंच होतं. आधीच्या गोंगाटात गिरणीने ठळक भर घातली तर तोही उपद्रव ठरतो, असं त्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटलं. तुमच्या न्यायाधीशांना ते किती पटेल, हे पुराव्यावर आहे.

दावा टाकायचा तर हंगामाआधी, जानेवारीपर्यंत टाका. आपल्याकडे अंतरिम अर्जावर, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या मनाईसाठी केलेल्या अर्जावर, समोरच्याचं ‘म्हणणे’ (लेखी उत्तर) दाखल व्हायलाच महिने जातात. मे संपतो, यंत्र थंडावतं, मग समोरचा सांगतो की आता त्रासच कुठे आहे. ही दिरंगाई लोकांचं आयुष्य पोखरते, पण ती धरूनच आखणी करावी लागते. यंत्र चालू असताना कोर्ट कमिशनर नेमून पाहणी व्हावी, असा अर्ज दाव्यासोबतच करा.

मागणी गिरणी बंद करण्याची नको. कांडपाची वेळ संध्याकाळी सहापर्यंत, यंत्राखाली रबरी पॅड, पाया तुमच्या भिंतीपासून सुटा, असं मागा. असा हुकूम मिळण्याची शक्यता जास्त, आणि मध्यस्थीत तर गिरणीवालाही कबूल होईल. तडजोड झाली तर ती लेखीच हवी. वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. जाताना चौथी ओळ अधोरेखित केलेली झेरॉक्स आणि स्पीड पोस्टाची पावती सोबत ठेवा.