अकरा वेळा ‘फक्त’

मागच्या काही वर्षांत एक तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आलीये की आईने पहिलं वाक्य बोललं की दुसरं मी मनातल्या मनात पूर्ण करते. “मॅडम, घरात याचं तोंड बंद होत नाही, पण कोणी स्वतःबद्दल सांग म्हटलं की झालं, मुका!” आणि तो ‘मुका’ शेजारी मोबाईल उलटासुलटा करत बसलेला. बहुतेक वेळा कॉम्प्युटर नाहीतर आयटी केलेला. नागपुरात कॉलेजं भरपूर, परसोडीला आयटी पार्क, तिकडे मिहान, त्यामुळे अशी मुलं आमच्या लक्ष्मीनगरच्या समुपदेशनाच्या क्लिनिकमध्ये येणारच.

त्यातल्याच एकाची गोष्ट सांगते. त्याला निखिल म्हणूया. नाव बदललंय, घरचे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत, आणि त्याने लिहायला हो म्हटलंय.

निखिल बावीसचा, काटोलकडचा, घरची संत्र्याची बाग, इथे त्रिमूर्तीनगरात तिघांमध्ये एक रूम. आयटी पार्कजवळ काही प्रोग्रॅमर मुलं रविवारी जमतात, तिथे नवीन आलेल्याने पाच मिनिटं स्वतःची ओळख करून द्यायची असते, कुठून आलास, काय मानतोस, काय बनवलंस. निखिल तीन रविवार तिथपर्यंत गेला, समोरच्या टपरीवर चहा प्यायला आणि परत आला. “मॅडम, मले बोलता येते. पण सांगू काय? सांगण्यासारखं काही हायेच नाही.”

इथे मी चुकले ते आधी सांगून टाकते. मी हे स्टेजच्या भीतीचं प्रकरण समजले आणि दोन सेशन त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेणं, आरशासमोर बोलणं असलं करून घेतलं. वीस वर्षांच्या अनुभवाचा हा एक तोटा, हात आपोआप जुन्या कपाटाकडे जातो. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा किस्सा पण सांगितला, समुपदेशनात मी त्यांच्याच वाटेने जाणारी आहे. एलिस १९ वर्षांचे असताना बायकांशी बोलायला प्रचंड घाबरायचे, म्हणून त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जायचं आणि बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी बोलायचंच असं ठरवलं. शंभरेक जणींशी बोलले, एकीने भेटायचं कबूल केलं आणि ती पण आली नाही. पण कोणी खाल्लं नाही त्यांना, भीती गेली. हा किस्सा ऐकून सहसा मुलं हसतात. निखिल म्हणाला, “फुटाळा तलावावर असं केलं तं पोलीस नेतील मॅडम.” खरंच होतं की ते.

मग मी म्हटलं बोलू नको, लिहून आण. तो एक पान टाईप करून घेऊन आला. मी वाचलं, पेन काढलं आणि एका शब्दाला गोल करायला लागले. मी फक्त शेतकऱ्याचा मुलगा आहे. मी फक्त एका प्रायव्हेट कॉलेजमधून शिकलो. मला फक्त दोन प्रोग्रॅमिंग लँग्वेज नीट येतात. फक्त छोटे छोटे प्रोजेक्ट केलेत. अकरा गोल झाले. पानभर मजकुरात अकरा वेळा ‘फक्त’, आणि बनवलेल्या प्रोजेक्टबद्दल मिळून जेमतेम तीन ओळी.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“आधीच सांगितलेलं बरं ना. मग कोणी हसत नाही.”

म्हणजे बघा, याला बोलायची भीती नव्हतीच. हा समोरच्यांनी मार्क द्यायच्या आधी स्वतःच स्वतःला नापास करून मोकळा होत होता. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांचं खरं दुखणं हेच असतं असं माझं आता मत झालंय. ओळख करून दे म्हटलं की यांना तो प्रश्न ‘तू किती लायकीचा’ असा ऐकू येतो, आणि त्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसतं, माझ्याकडे पण नाही.

पण हे त्याला सरळ सांगून उपयोग नव्हता, मान डोलावून गेला असता. पुढच्या वेळी तोच भांडायच्या तयारीने आला. म्हणाला, तुम्ही फक्तला नावं ठेवता, पण लिनस टोरवाल्ड्सने पण तेच लिहिलं होतं. मी म्हटलं कोण ते नीट सांग, मला यातलं काही कळत नाही. मग त्याने सांगितलं. १९९१ चा ऑगस्ट, हेलसिंकीचा २१ वर्षांचा विद्यार्थी, घरी बसून एक ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम, लिहीत होता, लोकांना पहिल्यांदा सांगताना त्याने लिहिलं की हा फक्त एक छंद आहे, मोठं प्रोफेशनल काही होणार नाही. तेच पुढे लिनक्स झालं. आज जगातले बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात आणि आपले अँड्रॉइड फोन पण आतून त्यावरच.

“आणि त्याच्यापुढे काय लिहिलं होतं त्याने?”

निखिलला पाठ होतं. आत्ता यावर कोणते प्रोग्रॅम चालतात, काय चालत नाही, कोणती हार्डडिस्क सोडून बाकी काही बहुतेक कधीच चालणार नाही, आणि सध्या तुम्ही जी सिस्टिम वापरता त्यात तुम्हाला काय आवडतं, काय नाही ते सांगा.

“म्हणजे त्याचा फक्त कोणाला लावलाय?”

तो थांबला. माझ्या टेबलावरचं ते गोल केलेलं पान ओढून घेतलं आणि एकेक गोल बघायला लागला, बोट ठेवून, लहान पोरं वाचतात तसं. मी गप्प. (समुपदेशनात सगळ्यात अवघड काम हेच, तोंडाशी आलेलं उत्तर गिळणं.) बऱ्याच वेळाने म्हणाला, “त्याचा कामाले हाय. माझे मलेच हायेत. नऊ. दोन कामाचे.”

ही मोजणी त्याने स्वतः केली याचा मला, खरं सांगते, आजही आनंद होतो. मी सांगितलं असतं तर ते माझं वाक्य राहिलं असतं.

नऊ त्याने तिथेच खोडले. मग पानावर फारसं काही उरलं नाही, म्हणून मी म्हटलं आता त्या तीन ओळींबद्दल बोल. पहिली ओळ होती ‘बागेसाठी ॲप’. आणि मग पोरगा जो सुटला! संत्र्याला बहार यावा म्हणून बागेचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात, हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त, आणि जास्त ताणलं तर झाड खंगतं. बाबा आधी एका कंपनीच्या ॲपमध्ये फवारणी, खर्च सगळं भरायचे, दोन वर्षांचं भरलं आणि एक दिवस ते ॲपच बंद पडलं, सगळं गेलं. बाबा काही बोलले नाहीत, बाजारातून वही आणली. “मले लई राग आला मॅडम. माणसानं स्वतः भरलेली माहिती त्याच्याजवळच राहायले पाहिजे.” म्हणून याचं ॲप रेंज नसली तरी चालतं, सगळं बाबांच्याच फोनमध्ये, कुठेही उघडेल अशा साध्या फाईलमध्ये. गावच्या वाचनालयाच्या काकांसाठी पण त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय, कारण कॉम्प्युटर ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये धरतो, त्यामुळे काळे कावळ्यांच्या आधी येतात आणि काका चिडतात, आपल्या वर्णमालेत ळ ‘ह’च्या नंतर ना!

वीस मिनिटं. कुठून आलास, काय मानतोस, काय बनवलंस, तिन्ही उत्तरं येऊन गेली आणि त्याला पत्ताच नाही. ताणाचं ऐकून मी काही बोलणार तेवढ्यात तोच म्हणाला, “मॅडम, ताणावरून उदाहरण नका देऊ प्लीज.” मी देणारच होते.

आता हे वाचणाऱ्यांसाठी, कारण सगळ्यांना इथपर्यंत येणं जमत नाही. ओळख लिहायला बसलात की मार्कांपासून, कॉलेजपासून सुरू करू नका, एखाद्या बनवलेल्या वस्तूपासून करा आणि ती कोणासाठी बनवली तेही सांगा. तिच्यात काय बिघडतं ते बिनधास्त सांगा, कामातली खोट सांगितल्याने माणूस छोटा होत नाही. ‘आय ॲम पॅशनेट’ टाईपची पाठ केलेली वाक्यं सोडा, तुम्ही काय मानता हे तुम्हाला कशाचा राग येतो त्यात सापडतं. मराठी येते तर मराठीत, वऱ्हाडीत आधी बोलून बघा, इंग्रजी नंतर करता येते. आणि आई-बाबांनो, पाहुण्यांसमोर ‘आमच्या याला बोलता येत नाही’ हे म्हणणं आजपासून बंद, तुम्ही त्या पानावर बारावा फक्त लिहिताय. मात्र झोप उडालीये, जेवण सुटलंय, जगण्यात अर्थ वाटत नाही असं असेल तर हे ओळखीबिळखीचं प्रकरण नाही, थांबू नका, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.

निखिल चौथ्या रविवारी आत गेला. पाचाऐवजी सात मिनिटं बोलला. फोनची तारीख चुकली की ॲपने मोजलेले ताणाचे दिवस पण चुकतात हे त्याने आपणहून सांगितलं, त्यावर दोघांनी दोन उपाय सुचवले आणि तिसऱ्याने दोन्ही चूक ठरवले, टाळ्याबिळ्या काही नाही. नंतर टपरीवर सगळे चहाला उभे होते तेव्हा एक जण म्हणाला, “सगळं सांगितलं भाऊ, नाव काय पण तुझं?”