कमी लोक वापरतात अशा प्रोग्रॅमिंग भाषेत मुक्त सॉफ्टवेअर लिहिलं, तर ती भाषा लोकप्रिय होते का?

तुमच्या आवडीची भाषा मोजकेच लोक वापरतात, म्हणून तिच्यात एखादं उपयोगी मुक्त सॉफ्टवेअर लिहून लोकांना तिच्याकडे ओढता येईल का, असं तुम्ही विचारलंय. लोक सॉफ्टवेअरकडे येतील. भाषेकडे येतीलच असं नाही.

पॅन्डॉक घ्या. मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा घालून, लिहिलेल्या मजकुराचं वर्ड, लाटेक, ईपब अशा हव्या त्या प्रकारच्या फाइलीत रूपांतर करून देणारं हे साधन जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी 2006 मध्ये हॅस्केल या कमी वापरल्या जाणाऱ्या भाषेत लिहायला घेतलं. मी ते कित्येक वर्षं वापरलं, पण हॅस्केलची एक ओळ लिहायची वेळ आली नाही. पुढे 2017 मध्ये, 2.0 आवृत्तीत, फिल्टर (रूपांतर होताना मजकुरात बदल करणारे छोटे प्रोग्रॅम) लुआ या दुसऱ्या छोट्या भाषेत लिहायची सोय पॅन्डॉकच्या पोटातच आली, म्हणजे त्यासाठी वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. मीही फिल्टर लिहिला तो लुआत. हॅस्केलमधल्या इतक्या गाजलेल्या प्रोग्रॅमने मला शिकवली काय, तर लुआ!

याउलट रुबी. भाषा 1995 पासून होती, पण जपानबाहेर तिची फारशी चर्चा नव्हती. 2004 मध्ये रेल्स हे रुबीत वेब ॲप बनवायचं साधन आलं आणि चित्र पालटलं. रेल्स काही रुबीच्या प्रचारासाठी लिहिलेलं नव्हतं. बेसकॅम्प नावाचं वेब ॲप बनवताना जे तयार झालं, तेच वेगळं काढून खुलं केलं. पण रेल्स वापरायचं म्हणजे रोज रुबी लिहायचीच, त्यातून सुटका नाही. एक्समोनॅड या विंडो मॅनेजरचंही (स्क्रीनवरच्या खिडक्या मांडणाऱ्या प्रोग्रॅमचंही) तसंच, कारण त्याची कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंग्जची फाइल, हाच एक हॅस्केल प्रोग्रॅम असतो. दोन खिडक्यांमधली जागा वाढवायला गेलेला माणूस नकळत हॅस्केलच्या टाइप एररशी (चुकीच्या प्रकारची किंमत दिल्याच्या तक्रारींशी) झटापट करू लागतो.

तेव्हा काय लिहायचं हे ठरवताना मी एवढंच बघेन: वापरणाऱ्याला या भाषेत किमान दहा ओळी लिहाव्या लागतील का? प्लगिन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम), नियम, कॉन्फिग, काहीही चालेल.

एक चूक मी स्वतः केली आहे. अशाच एका आडवाटेच्या भाषेत लॉग (प्रोग्रॅमने ठेवलेल्या नोंदी) चाळायचं छोटं साधन लिहिलं. तयार बायनरी (थेट चालणारी फाइल) दिली होती, त्यामुळे लोकांनी वापरलं, इश्यूही (अडचणींच्या नोंदी) टाकले, पण पॅच (कोडमधली दुरुस्ती) एकही आला नाही. कारण कोडमधून प्रोग्रॅम तयार करायला कंपायलरची एक ठरावीक जुनी आवृत्तीच लागायची आणि ती बसवण्यात अर्धा दिवस जायचा. शेवटी एका भल्या माणसाने ‘हे सगळं गो भाषेत पुन्हा लिहून देऊ का?’ असं विचारलं. बायनरी द्याच, पण सोर्सवरून बिल्ड (कोडमधून प्रोग्रॅम तयार करणं) एका कमांडमध्ये झाला पाहिजे, आणि तो आधी कोऱ्या मशीनवर करून बघा.

तुमची भाषा कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती लुआसारखी आटोपशीर, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत बसणारी असेल, तर नवं सॉफ्टवेअर लिहूच नका. आधीच चालणाऱ्या एखाद्या मुक्त प्रकल्पात प्लगिनची सोय तिच्यातून करून द्या.