मुलीला घेऊन कॅलिफोर्नियाला यावं का, असं विचारलंत म्हणून

ताई,

तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला आणि मग झोप लागली नाही. मुलगी १४ वर्षांची, बौद्धिक अक्षमता मध्यम स्वरूपाची, पुण्यात विशेष शाळेत जाते. यजमानांना कंपनी सॅन होजेला पाठवते आहे. ‘तिकडे अशा मुलांना स्वतंत्र राहायला शिकवतात म्हणे, वेगळं घरसुद्धा देतात म्हणे, मग तिच्यासाठी तरी यावं का?’ असं तुम्ही विचारलंत. आमचा मुलगा २६ वर्षांचा आहे. २००८ साली सांगलीहून सनीव्हेलला आलो तेव्हा तो ९ वर्षांचा होता. आता तो आमच्यापासून वेगळा राहतो. म्हणून मी लिहायला हवं असं वाटलं.

व्हिसा, विमा, शाळाप्रवेश यांची माहिती सरकारी कागदांत मिळेल, ती इथे देत नाही. फक्त एक गोष्ट सांगते, कारण ती आम्हाला फार उशिरा उमगली. आईवडिलांच्या व्हिसावर आलेलं मूल २१ वर्षांचं झालं की त्या व्हिसावरून उतरतं. मूल अपंग आहे म्हणून त्यात सूट नाही. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग तुम्हाला ठाऊक असेलच. आमचं कार्ड त्याच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या सात महिने आधी आलं. ती शेवटची दोन वर्षं मी कशी काढली हे अजून घरात कुणाला नीट सांगितलेलं नाही. तुमच्या हातात ७ वर्षं आहेत. कंपनी ग्रीन कार्डचा अर्ज कधी भरणार, हे यजमानांनी इथे यायला हो म्हणण्याआधी लेखी विचारावं.

आता घराचं. घर देत नाहीत. माणसं देतात. कॅलिफोर्नियात १९६९ साली लॅंटरमन कायदा झाला. मतिमंद मुलांना दूरच्या सरकारी इस्पितळांत ठेवण्याखेरीज मार्ग नव्हता, तेव्हा पालकांनी जो रेटा लावला त्यातून तो आला. त्याखाली राज्यभर २१ रिजनल सेंटर आहेत, म्हणजे अशा मुलांची मदत ठरवून देणारी केंद्रं. मूल पात्र ठरलं की त्याला मदत मिळणं हा त्याचा हक्क ठरतो, तोही आयुष्यभर. इतर बहुतेक राज्यांत असं नाही. टेक्सासमध्ये अशाच मदतीच्या यादीत नाव घालून दहा-दहा वर्षं थांबलेली कुटुंबं आहेत, आणि एका राज्यातली मदत दुसऱ्या राज्यात बरोबर नेता येत नाही. उद्या कंपनी ‘सॅन होजेऐवजी डॅलस’ म्हणाली तर तुमच्या मुलीसाठी तो वेगळा देश समजा.

या मदतीत दोन प्रकार तुमच्या कामाचे आहेत. आयएलएस म्हणजे आठवड्याला ठरावीक तास एक शिक्षक येऊन स्वयंपाक, कपडे, पैसे, बस, डॉक्टरची वेळ घेणं असं शिकवतो. एसएलएस म्हणजे मूल स्वतःच्या नावावरच्या घरात राहतं आणि माणसं गरजेप्रमाणे तिथे येतात-जातात. भाडं मात्र ज्याचं त्याने भरायचं. काही परवडणाऱ्या इमारतींत अशा प्रौढांसाठी थोडी घरं राखून असतात, पण तिथे नंबर लागायला वर्षं जातात. एसएसआय नावाचं मासिक सरकारी साहाय्य आमच्या मुलाला नागरिकत्वानंतर, म्हणजे २०२४ साली सुरू झालं. तोवरचं भाडं आम्ही भरलं. खोलीचं भाडं इथे किती आहे ते यजमान एका मिनिटात शोधून काढतील.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते सांगते.

आम्ही आलो तेव्हा मुलाला शाळेने खास वर्गात घातलं. तिथे मुलं टोस्ट करायची, कपड्यांच्या घड्या घालायची, नाणी मोजायची. मी पाहिलं आणि घरी येऊन रडले. घड्या घालायला शिकवायला का मी सात समुद्र ओलांडून आले, असं वाटलं. आमच्या घरात सगळे शिकलेले, माझे वडील हायस्कूलचे हेडमास्तर. दरवर्षी आयईपीची बैठक व्हायची, म्हणजे मुलाने वर्षभरात काय शिकायचं ते शाळेने आणि पालकांनी मिळून ठरवायची. त्या प्रत्येक बैठकीत मी भांडले. त्याला साध्या वर्गात बसवा, बीजगणित शिकवा, इतर मुलांसारखा डिप्लोमा, म्हणजे बारावी पास झाल्याचा दाखला, द्या. दहा वर्षं रोज संध्याकाळी चार ते सात मी त्याला घेऊन बसले. समीकरणं त्याला कधीच कळली नाहीत, पण पाठ व्हायची. तो पाठ करायचा आणि माझ्याकडे बघायचा.

२०१८ च्या जूनमध्ये त्याला डिप्लोमा मिळाला. गाऊन, टोपी, सगळं. सांगलीला फोटो गेले, वडिलांनी पेढे वाटले. इथल्या कायद्याप्रमाणे अशा मुलांना शाळा २२ वर्षांपर्यंत शिकवते. १८ ते २२ या चार वर्षांत वर्ग बहुतेक बाहेरच भरतो: किराणा दुकानात, बसमध्ये, लॉंड्रीत, कामाच्या ठिकाणी. साधा डिप्लोमा घेतला की तो हक्क संपतो. नुसतं पूर्णतेचं प्रमाणपत्र घेतलं असतं तर संपला नसता. हे त्या शेवटच्या बैठकीच्या कागदांत लिहिलेलं होतं. चाळीसेक पानं होती. मी सही केली. खोलीत सहा माणसं होती, त्यांतल्या एकानेही पान उलटून ‘हे वाचलंत का’ असं म्हटलं नाही. त्यांचा राग आजही जात नाही. पण ती सही माझीच आहे.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली. पिवळी बस आमच्या कोपऱ्यावर थांबली आणि पुढे गेली. तो दप्तर घेऊन तयार होता.

रिजनल सेंटर म्हणून काही असतं हे आम्हाला तो १७ वर्षांचा होईपर्यंत कळलंच नव्हतं. शाळेने सांगितलं नाही. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना सांगायची मला लाज वाटायची, त्यामुळे ज्यांना माहीत होतं त्यांच्यापर्यंत मी पोचलेच नाही. अर्ज केला तर पहिल्यांदा नकार आला. कारण काय, तर मुलगा साध्या वर्गात बसतो, गणित पास होतो, म्हणजे अपंगत्व पुरेसं गंभीर नाही. माझ्या दहा वर्षांच्या भांडणाचा पुरावा त्यांनी माझ्यासमोरच मांडला. मग अपील केलं. कायद्यात आयुष्याची सात क्षेत्रं दिली आहेत: स्वतःची काळजी, भाषा, शिकणं, हिंडणं-फिरणं, स्वतःचे निर्णय, स्वतंत्र राहण्याची क्षमता आणि कमावणं. त्यांतल्या किमान तीन क्षेत्रांत मोठी अडचण आहे असं दाखवावं लागतं. सुनावणीत मी तासभर बोलले. त्याला बुटाच्या नाड्या बांधता येत नाहीत. त्याला ५ डॉलर आणि ५० डॉलर यांतला फरक कळत नाही. रस्ता ओलांडताना तो बघत नाही. तो शेजारच्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होता. आम्ही जिंकलो. गाडीत त्याने विचारलं, ‘आई, मला काहीच येत नाही?’ त्याला मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. काही दिलं असेल असं वाटत नाही.

तो १८ चा होताना पालकत्वासाठी, म्हणजे सज्ञान झाल्यावरही त्याचे निर्णय आम्हाला घेता यावेत म्हणून, कोर्टातही गेलो होतो. त्यावर लिहायला बसले तर पत्र संपायचं नाही. २०२३ पासून इथे आधाराने निर्णय घेण्याचा मार्गही कायद्याने मान्य केला आहे, म्हणजे मूल स्वतः ठरवतं आणि त्याने निवडलेली माणसं समजावून द्यायला मदत करतात. आधी तो पाहा.

मग आयएलएसचा शिक्षक आला. पंचविशीतला मुलगा, दंडभर टॅटू. पहिल्या दिवशी मला म्हणाला, तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर बसाल का? चहापासून सुरुवात झाली, कारण मुलाने चहा निवडला. पातेलं काढण्यापासून गाळणं धुऊन ठेवण्यापर्यंत १४ पायऱ्या झाल्या, प्रत्येकीचा फोटो भिंतीवर. पहिले काही दिवस त्याने हाताला हात लावून शिकवलं, मग नुसतं बोट दाखवून, मग गप्प उभं राहून, मग दुसऱ्या खोलीत बसून. फोटोही एकेक करून काढून टाकले. बसचंही तसंच. एल कॅमिनोवरून जाणारी २२ नंबरची बस. आधी शेजारी बसून, मग मागच्या सीटवर, मग गाडीने बसच्या मागोमाग, मग फक्त फोनवर. पाच महिने लागले. पहिल्यांदा एकटा गेला त्या दिवशी एक स्टॉप पुढे गेला, उतरला, आणि शिकवल्याप्रमाणे फोन करून म्हणाला, ‘मी चुकलो आहे, मी बाकावर बसलो आहे.’ मी किल्ली घेऊन दारापर्यंत गेले होते. शिक्षकाने हाताने थांबवलं आणि फोनवर त्याला विचारलं, ‘आता काय करायचं?’ तो म्हणाला, ‘समोरच्या बाजूची बस.’ आणि आला.

दहा वर्षं मी त्याच्या शेजारी बसले. मागे सरकणं हाही शिकवण्याचाच भाग असतो, हे मला त्या शिक्षकाकडे बघून कळलं. शाळेची ती चार वर्षं मिळाली असती तर हे १९ व्या वर्षी झालं असतं.

कधी आलात तर बर्कलीला ॲशबी स्टेशनपाशी एड रॉबर्ट्स कॅम्पसला जा. आत लाल रंगाचा गोल फिरत वर जाणारा मोठा उतार आहे, चाकाच्या खुर्चीसाठी. एड रॉबर्ट्सना १४ व्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी, रात्री लोखंडी फुप्फुसात, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या मोठ्या यंत्रात, झोपायचे. शाळा त्यांना डिप्लोमा द्यायला तयार नव्हती, कारण व्यायाम आणि गाडी चालवण्याचा अभ्यासक्रम पूर्ण नव्हता. त्यांच्या आईने भांडून तो मिळवला. पुढे १९६२ साली ते बर्कली विद्यापीठात गेले आणि १९७२ मध्ये त्यांनी मित्रांसह सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग उभं केलं. अशा केंद्रांत निम्म्याहून जास्त कर्मचारी स्वतः अपंग असावे लागतात. त्या आईबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, मीही हेच केलं. नंतर लक्षात आलं की तिच्या मुलाला तो कागद हवा होता. माझ्या मुलाला काय हवं होतं ते मी विचारलं नव्हतं.

२०२२ मध्ये तो वेगळा राहायला गेला. आमच्यापासून २२ नंबरच्या बसने वीस मिनिटं. सोबत एक खोलीमित्र आहे. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास मदतनीस येतात. आठवड्यात चार दिवस तो किराणा दुकानात काम करतो. पगार पूर्ण मिळतो. अपंगांना किमान वेतनापेक्षा कमी देण्याची जुनी पद्धत कॅलिफोर्नियात २०२५ पासून बंद झाली आहे. मदतनीस टिकत नाहीत, वर्षात तीन बदलले, हे मात्र धरून चाला. कधी मी गेले तर बेसिनमध्ये तीन दिवसांची भांडी असतात. मला घासू देत नाही. म्हणतो, ‘हे माझं घर आहे, गुरुवारी घासतो.’

एकटेपणाबद्दल विचारलंत. असतो. मंडळ आहे, गणपती आहे, मराठी शाळा आहे, पहिली दोन वर्षं कठीण जातात आणि मग सवय होते. त्याचा फार बाऊ करू नका.

यावं का, याचं उत्तर मला देता येत नाही. केवळ तिच्यासाठी येणार असाल तर २१ व्या वर्षाचं नीट ठरल्याशिवाय येऊ नका. तिकडेही काहीच नाही असं नाही. बदलापूरला अशा प्रौढांसाठी ‘आधार’ ही निवासी संस्था आहे, पुण्यात ‘कामायनी’ची कार्यशाळा आहे. ‘आपल्या पश्चात काय’ या प्रश्नातूनच १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आला, त्याखाली कायदेशीर पालकत्व आणि ‘निरामय’ हा आरोग्य विमा मिळतो. घरी माणसाच्या जवळ माणूस ठेवणं आपल्याला येतं. त्याला एकटं सोडून बघणं मला इथे येऊन शिकावं लागलं, आणि ते पुण्यात बसूनही करता येईल असं आता वाटतं. इथे मात्र ते करायला पगारी, शिकलेला माणूस मिळतो आणि मागे कायदा उभा असतो. हा फरक छोटा नाही.

यायचं ठरलं तर तिच्या बुद्ध्यांक चाचणीचे आणि दैनंदिन कौशल्यांच्या चाचणीचे मूळ अहवाल आणा, इंग्रजीत, तारीख आणि चाचणीचं नाव असलेले. अपंगत्व १८ च्या आधी सुरू झालं हे इथे सिद्ध करावं लागतं. ती काय करू शकत नाही हे अहवालात स्पष्ट असू द्या, आणि ते वाचून दाखवायची वेळ आली तर तिला त्या खोलीत बसवू नका. आल्या आल्या पहिल्या महिन्यात रिजनल सेंटरला अर्ज करा, शाळा सांगेल म्हणून थांबू नका. कुठल्याही कागदावर बैठकीत सही करू नका, घरी आणा. मला पाठवा, मी वाचून देईन.

तिचे अहवाल कोणत्या सालचे आहेत ते कळवा. आणि ती चहा स्वतः करते का, तेही लिहा.